पात्यावरचे शिक्के : जपानी लष्करी तलवारी कशा ओळखाव्यात?

इन-प्लांट ट्रेनिंगसाठी आपल्यापैकी बरेच जण चाकणला नाहीतर भोसरीला जातात. तिथल्या एखाद्या शॉपमध्ये फोर्ज केलेला क्रँकशाफ्ट हातात घेऊन नीट पाहिलात, तर त्यावर तीन-चार खुणा दिसतील. एक हीट नंबर, एक डायचा नंबर, एक कंपनीचं चिन्ह आणि एक बारीकसा पंच. बहुतेक मुलं या खुणांकडे बघतसुद्धा नाहीत. पण पार्ट रस्त्यावर मोडला की सगळ्यात आधी याच खुणा शोधल्या जातात. स्टील कुठल्या भट्टीचं, डाय कुठली, तपासणारा कोण. प्रत्येक खूण एकेका प्रश्नाचं उत्तर देते. हीट नंबरवरून तपासनीस कळत नाही आणि तपासनिसाच्या पंचावरून स्टील कळत नाही.

मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मागच्या बाकावर जांभया सुरू होतात! म्हणून या वेळी तोच धडा वेगळ्या वस्तूवर शिकवायचं ठरवलं आहे. ती वस्तू म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार. गेली काही वर्षं फावल्या वेळात मी या तलवारींवरच्या खुणांचा अभ्यास करतो आहे. इन्स्पेक्शन, ट्रेसेबिलिटी, बनावट माल ओळखणे हे आपल्या सिलॅबसमधलं सगळं काही या एका वस्तूत सापडतं.

आपला आणि या तलवारींचा संबंध काय?

प्रश्न रास्त आहे. जपानी तलवार म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले पणजोबा या तलवारींसमोर उभे राहिले होते. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या ईशान्येला सांगशाक इथे जपानी फौजेला रोखून धरणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली. जानेवारी १९४५ मध्ये आराकानमधल्या कांगॉच्या लढाईत एका पंजाबी बटालियनचं नेतृत्व शंकरराव थोरात करत होते. हेच पुढे लेफ्टनंट जनरल थोरात झाले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही ब्रह्मदेशात होत्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. १२ सप्टेंबर १९४५ ला सिंगापूरला शरणागतीचा समारंभ झाला, तेव्हा भारताचे प्रतिनिधी म्हणून ब्रिगेडियर थिमय्या हजर होते. जपानी अधिकाऱ्यांनी आपापली तलवार सर्वांसमक्ष खाली ठेवलीच पाहिजे, असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता. त्यामुळे ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर या भागात तलवारींचे अक्षरशः ढीग लागले. त्यातल्या काही पलटणींच्या मेसमध्ये भिंतीवर गेल्या, काही संग्रहालयांत आणि काही घरांत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही नुसती शोभेची वस्तू नाही. युद्धकैद्यांवर या तलवारी चालल्या आहेत. सिंगापूरला पकडलेल्या हजारो भारतीय जवानांना जपान्यांनी न्यू गिनीपर्यंत नेलं आणि त्यातले कितीतरी परत आले नाहीत. पात्याची चमक बघताना हे विसरून चालणार नाही.

आधी प्रश्न ठरवा

तलवार समोर आली की लोक एकच प्रश्न विचारतात, "किती जुनी आहे?" खरं तर हा एक प्रश्न नाही. हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

१. पातं कोणी घडवलं?
२. ते कोणी तपासून पास केलं?
३. मूठ, परज आणि म्यान कधी आणि कशासाठी बसवलं?
४. ती कोणाच्या कमरेला होती?

आपल्या सुदुंबऱ्याच्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग संताजींनी लिहून ठेवले हे आपण लहानपणापासून ऐकतो. वहीतलं अक्षर संताजींचं, रचना तुकोबांची. कोणी रचलं आणि कोणी लिहिलं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्हींची उत्तरं खरी आहेत. तलवारीचंही तसंच. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवलं की घोटाळा झालाच म्हणून समजा.

बाहेरून काय कळतं?

१८७६ साली जपान सरकारने सामान्यपणे तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली. त्यानंतर तिथल्या सैन्याने बरीच वर्षं युरोपियन धाटणीच्या तलवारी वापरल्या. १९३४ मध्ये मात्र जुन्या, पारंपरिक घाटाची लष्करी तलवार पुन्हा आली. तिचे मुख्य प्रकार असे :

टाइप ९४ : सैन्यातल्या अधिकाऱ्यांची, १९३४ पासून.
टाइप ९५ : हवालदार दर्जाच्या लोकांना सरकारकडून मिळणारी, १९३५ पासून.
टाइप ९७ : नौदलाच्या अधिकाऱ्यांची, १९३७ पासून.
टाइप ९८ : टाइप ९४ ची थोडी सोपी केलेली आवृत्ती, १९३८ पासून.

हे ९४, ९५ आकडे आले कुठून? जपानचं एक पारंपरिक राजवर्ष आहे. आपण इसवी सनातून ७८ वजा करून शके काढतो. जपानी राजवर्षातून ६६० वजा केले की इसवी सन मिळतो. २५९४ वजा ६६० म्हणजे १९३४. त्या २५९४ चे शेवटचे दोन आकडे म्हणजे टाइप ९४. जपानच्या प्रसिद्ध 'झीरो' विमानाचं नावही असंच पडलं. राजवर्ष २६००, म्हणजे १९४०, शेवटी शून्य!

अधिकारी स्वतःच्या पैशाने तलवार घेत. त्यामुळे त्यांच्या तलवारींत खूप फरक दिसतो. काहींनी बाजारातलं नवं पातं घेतलं, काहींनी घराण्यातलं दोनशे-तीनशे वर्षांचं पातं काढून त्याला लष्करी मूठ चढवली. म्हणजे मूठ १९४० ची आणि पातं शिवकालातलं, असं होऊ शकतं. म्हणूनच बाहेरच्या साजावरून पात्याचं वय सांगू नये.

मुठीला बांधलेला गोंडाही बोलतो. तपकिरी आणि निळा असेल तर कनिष्ठ अधिकारी, तपकिरी आणि लाल असेल तर मेजर-कर्नल दर्जाचा, आणि त्यात सोनेरीही असेल तर जनरल. पण गोंडा ही सोडता-बांधता येणारी वस्तू आहे. ऐंशी वर्षांत तो कोणी बदलला नसेल याची खात्री कोण देणार? मुठीच्या टोकाला कधी कधी चांदीचं छोटं चिन्ह असतं. ते त्या अधिकाऱ्याच्या घराण्याचं चिन्ह. ते घराणं सांगतं, माणूस सांगत नाही.

खरी माहिती मुठीच्या आत

वर्कशॉपमध्ये कानस पाहिली आहे ना? कानशीचं जे टोक लाकडी मुठीत जातं त्याला आपण टँग म्हणतो. तलवारीचंही तसंच असतं. जपानीत त्याला नाकागो म्हणतात. अधिकाऱ्यांच्या तलवारीत बांबूची एक बारीक खुंटी मुठीतून आणि टँगमधून आरपार जाते. ती काढली की मूठ निघते आणि टँग दिसतो. महत्त्वाच्या खुणा या टँगवर असतात.

सही : कारागीर छिन्नीने आपलं नाव उभ्या ओळीत कोरतो. पात्याचं टोक वर धरून वरून खाली वाचायचं.

शोवा शिक्का आणि सेकी शिक्का : जपानच्या गिफू प्रांतातलं सेकी हे गाव पूर्वीपासून सुऱ्या-तलवारींचं. आपल्याकडे जसं तांब्या-पितळेसाठी तांबट आळीचं नाव, तसं तिकडे पात्यांसाठी सेकी. युद्धाच्या काळात तिथे हजारोंनी पाती तयार झाली. ती तपासून त्यावर छोटा शिक्का मारत. सुरुवातीला मुख्यतः 'शोवा' या शब्दातल्या अक्षराचा, पुढे 'सेकी' या अक्षराचा. असा शिक्का असेल तर पातं बहुधा साध्या कारखानी स्टीलचं, तेलात क्वेंच केलेलं असतं. म्हणजे ते टाकाऊ, असा अर्थ नाही. ते पारंपरिक पद्धतीचं नाही, एवढाच अर्थ.

तारा : पाच टोकांचा छोटा तारा. लष्कराने मान्यता दिलेल्या लोहारांच्या कामावर हा दिसतो. लष्कर त्यांना पारंपरिक पद्धतीने वाळूच्या लोखंडापासून काढलेलं पोलाद पुरवत असे. ते घडी घालून घडवायचं आणि पाण्यात क्वेंच करायचं. कडेला मार्टेन्साइट, पाठीकडे मऊ पर्लाइट! हीट ट्रीटमेंटच्या पेपरला हे उदाहरण लिहायला हरकत नाही.

नांगर : नौदल. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी नौदलाने स्टेनलेस स्टीलची पातीही करून घेतली.

एम आणि रुळाचा छेद : माझी सगळ्यात आवडती खूण ही. साउथ मांचुरिया रेल्वे कंपनीने स्वतः तलवारी बनवल्या. त्यांच्या टँगवर कंपनीचं बोधचिन्ह असतं. इंग्रजी एम अक्षर आणि त्यात रेल्वेच्या रुळाचा छेद. मांचुरियाच्या कडाक्याच्या थंडीत पातं तडकू नये हा त्यामागचा एक उद्देश होता. कमी तापमानाला स्टील ठिसूळ होतं, हे आपण इम्पॅक्ट टेस्टला शिकतोच.

जुळणीचे आकडे : परज आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या यांवर एकच बारीक आकडा ठोकलेला असतो. हा काही सीरियल नंबर नव्हे. फिटर ज्या जुळणीच्या खुणा करतो त्याच या. सगळ्यांवर एकच आकडा असेल तर साज मूळचा. एका चकतीवर वेगळा निघाला तर केव्हातरी अदलाबदल झाली आहे.

काही टँगवर रंगाने लिहिलेली अक्षरं किंवा आकडेही असतात. ते कारखान्यातल्या हाताळणीसाठी. हे रंगकाम सगळ्यात नाजूक. स्पिरिटचा एक बोळा फिरला की संपलं.

तारीख वाचण्याची युक्ती

सहीच्या उलट्या बाजूला कधी कधी तारीख असते. जपानी येत नसलं तरी ती वाचता येते. मी स्वतः अशीच शिकलो.

पहिली दोन अक्षरं 'शोवा', म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीचं नाव. त्याखाली आकडा, मग 'वर्ष' असं अक्षर. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे वरून खाली फाकत जाणाऱ्या दोन तिरक्या रेघा. मिळालेल्या आकड्यात १९२५ मिळवले की इसवी सन.

उदाहरण १ : अधिकचं चिन्ह, त्याखाली दोन तिरक्या रेघा. दहा आणि आठ, अठरा. १९२५ अधिक १८ म्हणजे १९४३.

उदाहरण २ : अधिकचं चिन्ह आणि त्याखाली दोन आडव्या रेघा. दहा आणि दोन, बारा. म्हणजे १९३७.

उदाहरण ३ : आधी दोन आडव्या रेघा आणि त्याखाली अधिकचं चिन्ह. आता हे बारा नव्हे! दोन वेळा दहा, म्हणजे वीस. १९४५.

उदाहरण २ आणि ३ मधली अक्षरं तीच आहेत, फक्त क्रम उलटा. पहिली तलवार चीनशी मोठं युद्ध पेटलं त्या वर्षाची, दुसरी जपान शरण गेला त्या वर्षाची. वाचण्यात क्रम चुकला तर आठ वर्षांचा इतिहास चुकतो.

रेल्वे कंपनीच्या तलवारींवर आकड्याऐवजी साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं नाव आणि ऋतू असतो. आपल्याकडे संवत्सरांची साठ नावं आहेत, तसाच प्रकार. सवय झाली की तेही जमतं.

हवालदाराची तलवार

टाइप ९५ ची गोष्ट निराळी. ही सरकारी मालमत्ता. पातं मशीनवर केलेलं, बांबूच्या खुंटीऐवजी सरळ स्क्रू. सुरुवातीच्या तलवारींची मूठ तांब्याची, नंतरची ॲल्युमिनियमच्या कास्टिंगची. दोरीच्या वेणीचा भास व्हावा म्हणून त्या कास्टिंगमध्येच वेणीची नक्षी घेऊन वरून रंग दिलेला. युद्धाच्या शेवटी ॲल्युमिनियम परवडेना, तेव्हा साध्या लाकडी मुठी आल्या. एखाद्या देशाचा कच्चा माल कसा संपत गेला हे नुसत्या मुठी ओळीने मांडल्या तरी दिसतं.

हिच्यावर सही नसते. पात्याच्या मुळाशी क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक म्यानावर. शिवाय शस्त्र कारखान्याचं चिन्ह आणि तपासनिसाचा शिक्का. टोकियो, नागोया, कोकुरा अशा शस्त्रागारांची चिन्हं ठरलेली होती. एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं हे टोकियो-कोकुरा शस्त्रागाराचं चिन्ह. म्हणजे क्रँकशाफ्टवरच्या आपल्या खुणाच!

गेल्या वर्षी आपल्या होस्टेलवरच्या एका मुलाने मला मोबाइलवर फोटो दाखवले. त्याचं आजोळ सातारा जिल्ह्यात. पणजोबा मराठा पलटणीत हवालदार होते, ब्रह्मदेशात लढलेले. परवान्याच्या कागदांसह एक तलवार त्या घरात आहे. "सर, ही जपानी जनरलची तलवार आहे, पणजोबांनी त्याच्याकडून घेतलेली," असं तो म्हणाला. घरात तीन पिढ्या हीच गोष्ट सांगत आलेत.

फोटो मोठा करून पाहिला. मुठीचा रंग उडालेला आणि खालून पांढरट धातू डोकावतोय. म्हणजे ॲल्युमिनियम. मुठीत स्क्रू. पात्याच्या मुळाशी क्रमांक. मी त्याला म्यानावरचा क्रमांक पाहायला सांगितलं. त्याने मामाला फोन लावला, मामांनी टॉर्च घेऊन वाचला. तो वेगळाच निघाला.

आता याचा अर्थ लावू. मूठ आणि क्रमांक सांगतात की ही टाइप ९५, म्हणजे जनरलची नव्हे. न जुळणारे क्रमांक सांगतात की पातं एका तलवारीचं आणि म्यान दुसरीचं. कशामुळे? शिक्के ते सांगत नाहीत. ढिगातून उचलताना अदलाबदल झाली असेल, हा अंदाज सरळ आहे. पण अंदाज तो अंदाजच. रिपोर्टमध्ये ऑब्झर्वेशन आणि कन्क्लूजन वेगळे लिहायला तुम्हाला सांगतो, ते याचसाठी.

मुलगा जरा हिरमुसला. घरी कसं सांगायचं हा त्याला प्रश्न. शेवटी त्याने आजोबांना सगळं समजावून सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या दादांसारखाच कुणी हवालदार होता म्हणा की." मला वाटतं, त्या तलवारीबद्दल इतकं खरं वाक्य त्या घरात आधी कोणी बोललं नसेल.

शिक्क्यावर काय काय अवलंबून असतं?

आजोबांचा पुढचा प्रश्न होता, "त्याच्या घरच्यांना परत धाडता येईल का?" मनातून आलेला प्रश्न आहे. परदेशांत अनेक कुटुंबांनी अशा तलवारी जपानला परत दिल्या आहेत. कधी म्यानाला मूळ मालकाचं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असते. शरण येताना काही अधिकाऱ्यांनी, कधीतरी परत मिळेल या आशेने, ती बांधली होती.

पण इथेच शिक्का आडवा येतो. जपानच्या १९५८ च्या कायद्यानुसार तलवारीची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणी फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या पात्यांचीच होते. मशीनवर केलेली टाइप ९५ तिथे बाळगता येत नाही. ती गेली तर घराऐवजी भट्टीत जायची. शिवाय तिच्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. पाठवायची कोणाकडे?

म्हणजे बघा, तारा आहे की सेकीचा शिक्का, सही आहे की क्रमांक, यावर ती तलवार मायदेशी जाऊ शकते की नाही हे ठरतं. खूण चुकीची वाचली तर चांगल्या हेतूने पाठवलेली वस्तू नष्ट होईल. उलट, लष्करी मूठ बघून "कारखानी माल" म्हणून कोणी भंगारात दिली आणि आत तीनशे वर्षांचं पातं निघालं, तर तेही नुकसानच. शंभर वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तूंना आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडची एक तलवार

हीच पद्धत मराठ्यांच्या तलवारीला लावून पाहू. २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघालेली रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. ही बातमी तुम्ही वाचली असेल. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी, त्यांना छत्रपती शाहू महाराजांनी 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता.

आता प्रश्न एकेक करून विचारा. घडवलं कोणी? मुठीजवळ पात्यावर युरोपियन बनावटीची खूण आहे. म्हणजे पातं युरोपातलं. साज कोणता? मुल्हेरी घाटाची, सोन्याचं काम केलेली मूठ, म्हणजे इथली. कोणाची? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिलं आहे, 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'.

काहींना युरोपियन खूण कळल्यावर वाईट वाटतं. "मग ती आपली कशी?" असं विचारतात. पण ज्यांची तलवार होती त्यांना त्यात काहीच लपवायचं नव्हतं. त्यांनी स्वतःच तिला 'फिरंग' म्हटलं, म्हणजे फिरंग्यांकडचं पातं, आणि ते सोन्याने लिहून ठेवलं! पातं युरोपियन, तलवार मराठी. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. चाकणला तयार होणाऱ्या गाडीत कुठल्या देशाचं बेअरिंग बसतं ते आठवून पाहा.

खोटं कसं ओळखावं, आणि काय करू नये?

जपानी तलवारींच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. प्रसिद्ध कारागिराची खोटी सही घालण्याची खोड तर शेकडो वर्षांची. तेव्हा या गोष्टी पाहाव्यात :

- टँगवरचा गंज काळपट, सगळीकडे सारखा आणि मुरलेला हवा. कोरलेल्या अक्षराच्या तळाशी लखलखीत धातू आणि आजूबाजूला जुना गंज असेल तर अक्षर नंतर कोरलं आहे.
- छिन्नीने कोरताना धातू कडेला उचलला जातो. ॲसिडने किंवा साच्यातून आलेल्या अक्षरांना ती कड नसते. भिंगातून पाहा.
- क्रमांकाचे आकडे एका ओळीत, एका आकाराचे आहेत का? दोन तलवारींवर एकच क्रमांक आणि एकच चिन्ह दिसलं, तर निदान एक तरी संशयास्पद.
- सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का? हवालदाराच्या तलवारीवर थोर कारागिराची सही असेल तर काहीतरी गडबड आहे.

आणि हे करू नका :

- टँगवरचा गंज घासू नका. पॉलिश पेपर, लिंबू, चिंच, रस्ट रिमूव्हर, काहीही नको. फेल्युअर ॲनालिसिसला फ्रॅक्चर झालेला पृष्ठभाग पुसत नाहीत, तोच नियम. तो गंज म्हणजे वयाचा दाखला आहे.
- पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामातलं मीठ काही दिवसांत ठसा उमटवतं. मऊ कापडाने तेलाचा अगदी पातळ थर पुरतो. जपानी लोक त्यासाठी लवंगेचा वास दिलेलं तेल वापरतात.
- मूठ अडली असेल तर हातोडा घेऊ नका. जाणकाराकडे न्या.
- धार लावू नका. दसऱ्याला पूजा करायची असेल तर हळद-कुंकू म्यानाला लावा, पात्याला नको.
- घरात तलवार असेल तर शस्त्र कायदा १९५९ खालच्या परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात करा. आणि कृपया होस्टेलवर आणू नका! फोटो पुरेत.

फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, प्रकाश एका बाजूने तिरका पडू द्या. तिरक्या प्रकाशात पुसट अक्षरंही उठून दिसतात. दोन्ही बाजू, पाठ, परज, चकत्या, म्यानाचं तोंड, सगळ्याचे फोटो घ्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वस्तूची गोष्ट विचारून, ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. ती गोष्ट शिक्क्यांशी जुळली नाही तरी लिहा. पणजोबा कुठल्या पलटणीत होते, कधी परत आले, हे कुठल्याही टँगवर कोरलेलं नसतं. ते सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी क्वालिटी डिपार्टमेंटला लागेल, हातात पंच आणि हातोडी येईल. दिवसाला शेकडो पार्ट्स पुढून जातील आणि शिफ्ट संपत आली की न तपासताच ठोकून मोकळं व्हावंसं वाटेल. त्या वेळी एवढंच आठवा की तुमचा तो दीड मिलिमीटरचा ठसा कोणीतरी, कुठल्या तरी देशात, ऐंशी वर्षांनी भिंग लावून वाचणार आहे. आणि त्यावर विश्वास ठेवून काहीतरी ठरवणार आहे.